फर्नहिल रस्त्यावरचे घर माझ्याकडेच ठेवण्याबाबत

प्रति,
मा. विभागाध्यक्ष,
आठव्या प्रस्तावाचा घरोघर प्रचार,
ख्रिस्ती मंडळीचे विभागीय कार्यालय, मोडेस्टो, कॅलिफोर्निया.

विषय : ‘अजून ठरलेले नाही’ असे उत्तर देणारे घर बंधू ह्युइश यांना न देणेबाबत.
संदर्भ : काल प्रार्थनेनंतर पार्किंगमध्ये आपण केलेली तोंडी सूचना.

आदरणीय अध्यक्ष,

१. लग्न फक्त स्त्री-पुरुषाचेच राहावे, या आठव्या प्रस्तावासाठी घरोघर मते मागण्याची सेवा मला उन्हाळ्यात देण्यात आली. आपल्यात सेवा मागायची नसते आणि नाकारायचीही नसते. माझे नाव पुकारले तेव्हा सवयीने सगळ्यांबरोबर मीही संमतीचा उजवा हात वर केला.

२. मला मिळालेल्या यादीत माझ्या मुलीचे, जनीलचे, घर निघाले. ती टेरेसा नावाच्या बाईबरोबर संसार करते हे मंडळीत सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यावरून आमचे सहा वर्षे बोलणे नव्हते हेही. यादी कोणी मुद्दाम केली असे माझे म्हणणे नाही. रस्ते संगणकाने वाटले, त्याला बाप-लेक काय कळणार?

३. तिने दार उघडले आणि मी पार गांगरलो. छापून दिलेला मजकूर पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो, “नमस्कार, मी आपला शेजारी.” ती म्हणाली, “शेजारी? बाबा, आधी चष्मा पुसा, काही दिसत तरी आहे का तुम्हाला?” तरीही मी शेवटपर्यंत वाचले आणि विचारले : बाजूने, विरोधात, की अजून ठरलेले नाही? तिने विचारले, “ठरलं नसेल तर काय करता?” मी नियम सांगितला, की पुढच्या शनिवारी त्याच माणसाने पुन्हा यायचे. तिने यादीत आपल्या नावावर बोट ठेवले. मग म्हणाली, “लिहा तर मग. अजून ठरलेलं नाही.”

४. मी नियम पाळला, अध्यक्ष. दर शनिवारी गेलो. आधी पायरीवर उभा राहिलो, मग बैठकीत बसलो, मग स्वयंपाकघरात. त्या घरात आपल्याला वर्ज्य असलेली कॉफी असते; मी पाणीच घेतो, याची खात्री बाळगावी. माझी पत्नी लारू कोपऱ्यावर गाडीत बसून राहायची. “मला कुठे सेवा दिलीय?” म्हणायची. एका शनिवारी ती पीचच्या मुरंब्याची बरणी घेऊन उतरली ती माझ्याआधी दारात. टेरेसा बिचकून म्हणाली, “तुम्हीही प्रचाराला?” लारू म्हणाली, “गप गं. झाकण घट्ट बसलंय, ते उघड आधी.” निघताना दर वेळी मी प्रश्न विचारला, जनीलने तेच उत्तर दिले आणि मी ते इमानेइतबारे लिहिले.

५. काल आपण म्हणालात, “वर्लन, एका घरात इतके आठवडे अडकलात, आता ते ह्युइशवर सोडा. तो पटवतो माणसं.” बंधू ह्युइश भला माणूस आहे. पण तो खरोखरच पटवायला जाईल हो! आपण विचाराल, बापाला लेकीकडे जायला यादी कशाला लागते? लागते. हातात यादी नसती तर मी फाटकापासूनच परत फिरलो असतो. तेवढा धीर माझ्यात नाही, हे लिहिताना लाज वाटते.

६. आता खरी अडचण. मतदानाआधी, कायदा परवानगी देतो आहे तोवर, जनील आणि टेरेसा येत्या शनिवारी सकाळी त्याच घरी लग्न करीत आहेत. आपली शेवटची फेरीही त्याच सकाळी आहे. जनीलने विचारले, “बाबा, अंगणापर्यंत माझा हात धरून चालाल?” मी चष्मा पुसायला घेतला. लारूच म्हणाली, “चालतील. निळा सूट इस्त्रीला दिलाय मी.”

७. तरी विनंती की, ते घर माझ्याकडेच राहू द्यावे. ते जमत नसेल तर शनिवारच्या फेरीतून फर्नहिल रस्ता वगळावा. तेही जमत नसेल तर मला सेवामुक्त करावे. सेवामुक्ती रविवारी, सगळ्यांनी हात वर केल्यावरच होते आणि शनिवार त्याच्या आधी येतो, हे मला कळते. शुक्रवारी कुणी चार माणसे बोलावून हात वर करता येतील का, कृपया पाहावे. मी हात जोडतो. माझा विश्वास ढळलेला नाही. पुढच्या मंगळवारी मतदानात मी कोणत्या बाजूने मत देणार, हे मात्र विचारू नये. मला झोप नाही.

८. यातले काहीच होणार नसेल, तर निदान बंधू ह्युइश यांना कळवून ठेवावे. शनिवारी त्यांनी त्या घराची घंटा वाजवली, तर दार मी उघडणार आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला बंधू,
वर्लन स्टोडर्ड
मोडेस्टो, सोमवार, २७ ऑक्टोबर २००८