सत्तेचाळीस मैलांचा खुराक

कंग्राळी,
माघ वद्य पंचमी, शके १८५६

सौभाग्यवती अंबूआक्काला धाकट्या मनूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाही सांग. तुझा खोकला गेला का? तंबाखूच्या वखारीला लागून घर असल्यावर तो जाणार कुठं, पण विचारल्याशिवाय पत्र सुरू झाल्यासारखं वाटत नाही. दाजींचा गुडघा आणि म्हशीचं मोडलेलं शिंग, दोन्ही बरी असोत. इकडे आम्ही सुखरूप आहोत, फक्त माझा धाकटा दीर भरमू याची तब्येत सुधारते आहे आणि त्याचीच आम्हाला काळजी आहे.

झालं असं, की गोऱ्या पलटणीच्या कॅम्पातल्या एका पेन्शनर साहेबानं शर्यत लावली आहे. येत्या चैत्रात, कॅम्पाच्या मैदानापासून तुमच्या निपाणीच्या नाक्यापर्यंत, सत्तेचाळीस मैल, एका दिवसात. पळा नाहीतर चाला, पण गाडीत बसायचं नाही. पहिल्या येणाऱ्याला सायकल. (सत्तेचाळीस मैल ज्याचे पाय जातात त्याला सायकल कशाला, आणि ज्याला सायकल हवी आहे तो इतका पळेल कशाला, हे साहेबाला कुणी विचारलं नाही.) जाहिरातीचा कागद भरमूनं माझ्याकडूनच वाचून घेतला. मी वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकले हे तुला ठाऊकच आहे. त्यामुळे अजूनही एखादा मजकूर शेवटपर्यंत सापडला की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. हा सापडला. त्यात होतं, ‘दोन महिने आधीपासून तयारी करावी व पौष्टिक अन्न घ्यावे.’ एवढं ऐकून भरमू उठला आणि तडक तालमीत गेला.

आता आमच्या गावात तयारी म्हणजे कुस्तीची. दुसरी कुणी पाहिलेलीच नाही. वस्ताद मारुतीरावांनी भरमूच्या मांड्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, “पळायचं मागनं बघू रं. आदी अंग धर.” पहाटे हजार जोर, मग लाल मातीत लोळण, मग शंभर बदामांची थंडाई, शेरभर दूध, लोण्याचा गोळा, आणि वर दुपारभर झोप. झोपेतला खुराक फुकट जात नाही म्हणतात. पाच आठवडे भरमू एक पाऊल पळाला नाही. पळाल्यानं खुराक जिरतो, म्हणून वस्तादांनी त्याला विहिरीवरसुद्धा चालत जायची बंदी केली. परवा गुऱ्हाळातल्या काट्यावर त्याला तोलला. पूर्वी गुळाच्या दोन ढेपांना भारी पडायचा, आता तिसरी चढवावी लागते. सगळ्या तालमीनं टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, “वस्ताद, ह्यो पळणार का लढणार?” तर म्हणाले, “वैनी, असा गडी रस्त्यावर आला की बाकीचे आपसूक बाजूला होत्यात.”

अखेर गेल्या सोमवारी सतरा-अठरा मैलांवरच्या हत्तरगीपर्यंत पळून बघायचं ठरलं. भरमू पुढं, उघडाबंब, लंगोट कसून. मागं मी, डोक्यावर थंडाईचा तांब्या घेऊन, कारण दर मैलाला खुराक चुकायला नको. वस्ताद बैलगाडीतून. काकतीत मावशीनं अडवलं. जावयाच्या भावाला दारावरून तसंच कसं जाऊ द्यायचं? पोहे झाले. पुढच्या वळणावर आत्याची जाऊ, तिथं शिरा. होनग्यात शिरलो तर राजाबाईनं (सासूबाईंची चुलतबहीण) लांबून पाहिलं. आपल्याकडे भर सकाळी उघडा माणूस सडकेनं पळतो तो एकाच कामाला. तिनं तिथंच गळा काढला, “कोन गेलं रं भरमू?” भरमूला धाप लागलेली, बोलता येईना. तो नुसता मागं हात करून दाखवत राहिला. मागं मी चालत होते, म्हणजे गेलेली मी नव्हे, असं तिनं धरलं. मग राहिल्या सासूबाई. राजाबाई सात बायका घेऊन गाडीनं कंग्राळीला गेली. सासूबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना वाटलं आपण सोडून कुणीतरी गेलं, म्हणून त्याही रडायला लागल्या. दुपारपर्यंत नऊ जणी मिळून रडल्या, आणि कुणासाठी हे एकीलाही ठाऊक नव्हतं.

आक्का, मी हे ऐकून खूप हसले. मग रात्री आठवलं, हे गेले तेव्हा बातमी घेऊन कुणी पळत आलं नव्हतं. टपालातला जोतिबा आला होता, चालत, अगदी हळू. दारापाशी आल्यावर आणखी हळू. असो.

भरमू होनग्यातच राजाबाईच्या ओट्यावर आडवा झाला आणि वस्ताद त्याचे पाय रगडत बसले. त्या रडारडीत मी तांब्या घेऊन पुढं निघाले होते, मागचं मला कळलंच नाही. वाटेत मला कुणी हाक मारली नाही. मावशीनं नाही, आत्याच्या जावेनंही नाही. सकाळच्या वेळी विधवा समोर आली की माणसं आपणहून तोंड फिरवतात. शर्यतीला असा मोकळा रस्ता मोठमोठ्या पैलवानांना मिळायचा नाही. मागं वळून पाहिलं तेव्हा हत्तरगी आली होती. थंडाई थोडी हिंदकळली होती, एवढंच. तिथल्या पारावर बसून ती सगळी मीच प्याले आणि परत आले. संध्याकाळी भाकऱ्याही केल्या.

तेव्हा तयारी ही अशी चालली आहे. मुलांना आशीर्वाद. खोकल्याला अडुळसा घे.

तुझी,
मनू

ता. क. निपाणीच्या बाजारातून जाड तळाच्या, करकर न वाजणाऱ्या चपला पाठव. शर्यतीसाठी हव्यात.

आणखी एक. माप म्हणून सोबत सुतळी ठेवली आहे. भरमूचा पाय एवढा लहान कधीपासून झाला म्हणून दाजी विचारतील. त्यांना सांग, भरमू आता रामनवमीच्या कुस्त्यांना उतरणार आहे. कॅम्पात नाव मी माझं देऊन आले. कारकुनानं दोनदा वर पाहिलं आणि लिहून घेतलं.

शेवटचं. तुझ्या दारावरून जाईन तेव्हा हाक मारू नकोस, चहा तर मुळीच ठेवू नकोस. नाक्यावर ये. माझ्या हातात यांची घुंगरांची काठी असेल. अकरा वर्षं हे टपालाची थैली घेऊन पळाले, पण सहाव्या मैलाच्या वडाखाली ती दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची आणि काठी घेऊन माघारी फिरायचं, एवढीच यांची हद्द. मला म्हणायचे, “मनू, पुढं ती सडक जाते कुठं, एकदा बघायला पायजे गं.” या वेळी वडाखाली मी वळणार नाही. घुंगरं ऐकू आली की पुढं हो आणि काठी हातातून घे. मग हवा तेवढा शिरा कर.