नऊ चेहऱ्यांचा रंग

अंधेरी

प्रिय दत्तूदादा,

हे नाव लिहिताना हात अडखळला. जन्मभर मी तुला काळूदादा म्हटलं. आईनं काळू, चाळीनं काळ्या. शाळेचा दाखला सोडला तर दत्तू तुला कुणी म्हटलंच नाही. तू मात्र प्रत्येकाला ओ देत गेलास. राग कसा आला नाही रे तुला कधी? की येत होता, आणि आम्हालाच कळला नाही?

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. फोटोची फ्रेम तयार होऊन आलीय, आईनं भिंतीवर खिळाही ठोकून घेतलाय. आज तुझी ट्रंक आवरताना बिस्किटांचा डबा सापडला आणि त्यात ती नऊ कार्डं. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. सांगायला तू नाहीस, म्हणून लिहायला बसले.

ते मासिक कसं आलं आठवतं? सांताक्रूझला विमान उतरलं की आतली झाडलोट तुमच्याकडे असायची. कुणीतरी सीटवर टाकून गेलेलं अमेरिकन मासिक साहेबाला विचारून तू घरी आणलंस. शेजारच्या मास्तरांची डिक्शनरी मागून घेतलीस आणि आठवडाभर त्याच्यात डोकं घालून बसलास. मग एका रविवारी मला समोर बसवून सगळं सांगितलंस. बेसबॉल नावाचा खेळ असतो. तिकडे गोऱ्यांच्या संघात काळ्यांना घेत नसत, म्हणून त्यांनी आपले वेगळे संघ काढले. हॉटेलात जागा मिळायची नाही, तर बसमध्येच झोपायचे. आणि खेळायचे असे, की बघायला गोरेसुद्धा यायचे.

"क्रिकेटसारखंच ना?" मी विचारलं.

"तसंच काहीतरी. मला तरी कुठे नीट कळलंय," तू हसलास. "पण शकू, गोऱ्या खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं निघायची तिकडे. पोरं जमवायची. ह्यांची कुणी काढलीच नाहीत बघ. मी काढणार."

शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तू नऊ कार्डं केलीस. मागे तुझ्या त्या टपोऱ्या अक्षरात खेळाडूचं नाव आणि दोन ओळी माहिती. पुढे पेन्सिलीनं चित्र. ड्यूटीवरून आलास की चहाचा कप घेऊन खिडकीत बसायचास, असे पाच-सहा महिने. चेहरे तर तू किती घोटलेस! मऊ पेन्सिलीचे थरावर थर. भाऊबीजेला मी ओवाळल्यावर तू ती कार्डं माझ्या हातात ठेवलीस. म्हणालास, "रंग तू भर. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

स्टेशनजवळच्या स्टुडिओत मी काळे-पांढरे फोटो ब्रशनं रंगवायचे, तो हात. चेहऱ्यासाठी आमच्याकडे एकच बाटली होती. मालक तिला फेस कलर म्हणायचे. नवरी असो की म्हातारा, सगळ्यांना तोच गुलाबीसर गव्हाळ रंग. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

चेहऱ्यांवरचे ते पेन्सिलीचे थर मी आधी खोडरबरानं पुसले, दादा. मला वाटलं चेहरे कळकट दिसताहेत, रंग नीट बसणार नाही. मग नऊच्या नऊ जणांना फेस कलर लावला. गालांवर थोडी लालीही दिली. जीव ओतून केलं रे मी ते काम.

तू एकेक कार्ड हातात घेऊन पाहिलंस.

"सुरेख झालीत," म्हणालास. आणि मग, "पण मग ह्यांना वेगळं का खेळायला लावलं असेल गं?"

"मला काय माहीत? वाचलंयस तू," असं बोलून मी भात बघायला उठले. एवढंच उत्तर दिलं मी तुला. त्यानंतर तू कधी पेन्सिल धरली नाहीस आणि मी एकदाही विचारलं नाही.

तुझ्यावर तर मी त्याच्याही आधी हात चालवला होता. तुझं लग्न ठरावं म्हणून स्थळांना पाठवायचा फोटो मीच रंगवला. आपण मुलगी बघायला कुर्ल्याला गेलो, तेव्हा तिच्या मामांनी फोटो बघितला, आपल्याकडे बघितलं आणि विचारलं, "मुलगा मागून येतोय का?" तू म्हणालास, "मीच तो." परत येताना तू मला सोडा पाजलास. "फोटो मात्र झकास होता हं," म्हणालास. त्या दिवशी एक मुस्काटात का नाही दिलीस मला? दिली असतीस तर कार्डं तरी वाचली असती.

आता फ्रेममध्ये तोच फोटो आहे. दुसरा नाहीच. निगेटिव्ह केव्हाच गेलं. काल तो फ्रेममधून काढून मी तपकिरी रंग कालवला, तुला तुझा रंग परत द्यायला बसले आणि ब्रश तसाच हातात राहिला. तुझा रंग कसा होता तेच आठवेना. काविळीत तू पिवळा पडलास, तो पिवळा तेवढा डोळ्यांपुढे येतो. आयुष्यभर ज्याला काळू म्हटलं, त्याच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

आईला विचारलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "राहू दे गं तसाच. फोटोत तरी सुखात दिसतोय."

आणि आज तो डबा. आठ कार्डं जशीच्या तशी आहेत. नवव्यावर चेहऱ्याच्या जागी तू ओल्या फडक्यानं घासलं होतंस. माझा रंग निघत नव्हता म्हणून घासतच गेलास ना? पुठ्ठ्याचं सालटं निघालंय. आता तिथे चेहराच नाही. उरलेली आठ घासायचं तू सोडून दिलंस.

उद्या आई तो फोटो भिंतीला लावेल, मी अडवणार नाही. पण त्याला हार मी घालणार नाही. तो मुलगा माझ्या ओळखीचा नाही. घासलेलं ते कार्ड मी माझ्याजवळ ठेवतेय. दत्तूदादा, कितीही वाटलं तरी त्या जागेवर मी ब्रश टेकवणार नाही. शब्द देते.

तुझी,
शकू