मंदा यंदा शाळेत राहिली

सोमवार, १८ नोव्हेंबर २००२
कासुर्डी

आज मंदाचे आजोबा तिला न्यायला वर्गात आले. दरवर्षी दिवाळी झाली की त्यांची मेंढरं कोकणाकडं निघतात आणि माझ्या चौथीतली ही हुशार पोरगीही जाते. उन्हाळ्यात येते ती निम्मं विसरून. मी नुसती हजेरीपटावर गैरहजेरी मांडत आले. दुसरं काय केलं मी?

शेवंतीचा मळा करणाऱ्या हिराबाई लेकीचा विसरलेला डबा द्यायला आल्या होत्या. त्याच पुढं झाल्या. "आबा, पोरगी माझ्याकडं ठेवा. माझ्या दोघींत तिसरी."

"तुमाला वझं न्हाई का व्हणार?"

"दोन भाकरी जादा थापीन, आन् काय!"

दोन भाकरी! किती सहज बोलल्या. मला इतक्या वर्षांत कुणाला विचारायचंही का सुचलं नाही?

 आबांनी खांद्यावरची घोंगडी काढून मंदाच्या हातात दिली. "थंडी वाढंल आता. नीट शिक."

आणि तसेच मेंढरांमागं निघून गेले.

मी हिराबाईंचे हात धरले, पण आभार मानायचे राहूनच गेले. निदान इथं तरी लिहिते: हिराबाई, तुमचे फार उपकार झाले.