मुदखेडचे रूळ

प्रिय अंगद,

गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या तुझ्या त्या व्हिडिओ गेमच्या, धडकगोलच्या, नव्या हंगामाची आठही मैदानं पाहिली. खरं सांगायचं तर एकच पाहिलं, आठ वेळा. तीच लांबी, तीच रुंदी, भिंतीला तोच बाक, गोलाचं तोंड तेवढंच. बदललं काय, तर आभाळ. एकात बर्फ, एकात समुद्र, एकात रंगीत दिवे. लातूरला आता मी राहते त्या गल्लीतला मंडपवाला हेच करतो. मागचा पडदा बदलला की कधी राजवाडा, कधी काश्मीर, आणि खुर्च्या त्याच. फरक एवढाच, की तो स्वतःला मैदानांचा रचनाकार म्हणवून घेत नाही आणि हैदराबादेत काचेच्या केबिनमध्ये बसत नाही.

गेल्या महिन्यात नांदेडला गेले होते, तेव्हा व्यंकटीच्या गेमिंग कॅफेत डोकावले. तुझं नाव काढलं की त्याचा चेहरा अजून फुलतो. मोठ्या कौतुकानं त्यानं तुझी मैदानं एकामागून एक लावली. आठवं लावून झाल्यावर म्हणाला, “पोरी, आठ ताटं वाढली खरी, पर आठांत पिठलंच हाय की गं.” तू तिथं असतास तर त्याला समजावलं असतंस, की स्पर्धेच्या खेळात मैदान सगळ्यांना सारखं हवं, गाडी घेऊन चेंडूवर झेपावणाऱ्याला भिंत कुठं आहे हे डोळे मिटून कळायला हवं. मला पाठ आहे ते सगळं. पण मग एकच मैदान ठेवा की! आठ नावं द्यायची आणि आतून एकच विकायचं, याला रचना म्हणत नाहीत.

आणि त्या आठांत तू मुदखेड घातलंस. हसावं की थुंकावं ते कळेना. आपण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना व्यंकटीच्याच कॅफेत बसून ते बनवलं होतं, आठवतं? तुझे बाबा मुदखेड जंक्शनला पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. लहानपणापासून तू रूळ पाहत आलेला, म्हणून मैदानाच्या मधोमध तू दोन रूळ टाकलेस, जरासे उंच. संथ चेंडू त्यांवर अडायचा, जोरातला टुणकन वर उडायचा. एका बाजूला प्लॅटफॉर्मचा चढ, त्यावरून गाडी भरधाव आणली की थेट पादचारी पुलावरून उडी. तो चढ माझा होता, मी उदगीरला आमच्या घरासमोरच्या उतारावरून घेतला होता. नेटवर टाकल्यावर पहिले चार दिवस लोकांनी आपल्याला शिव्या दिल्या. मग हदगावपासून पार परदेशापर्यंत लोक त्या रुळांवर चेंडू कसा उडवायचा ते शिकत बसले. तू म्हणायचास, “मंजू, मैदान सोपं असलं की माणूस शिकंनाच.” लई आवडायचं मला ते.

आता त्याच मुदखेडमध्ये रूळ जमिनीवर रंगवलेत. रांगोळीसारखे! चढ गेला. पूल मागच्या चित्रात गेला. ज्या स्टेशनात तुझ्या बापानं जन्म घालवला, त्याचं तू कॅलेंडर करून टाकलंस, आणि वर मला उद्घाटनाच्या सामन्यात तुझ्या जोडीनं खेळायचं आमंत्रण पाठवलंस. मी ते फाडणार होते. पण मेल फाडता येत नाही.

मग परवा तुझी मुलाखत ऐकली. असा गुळगुळीतपणा तुझ्या मैदानांत कुठून आला असं त्या माणसानं विचारलं, अगदी याच शब्दांत नाही, पण तेच. आणि तू नांदेडच्या फायनलची गोष्ट सांगितलीस. मंगल कार्यालयातलं ते आंतरकॉलेज स्पर्धेचं फायनल, मुदखेडचंच मैदान, तीन-तीन बरोबरी, शेवटचं अर्धं मिनिट. तू म्हणालास, “माझ्या जोडीदारानं जीव तोडून गोल राखला होता. माझ्याच रुळावरून चेंडू वेडावाकडा उडाला आणि तिची मेहनत गेली. त्या दिवशी ठरवलं, की मैदानामुळं कुणी हरता कामा नये.”

ते ऐकल्यावर माझ्या हातातलं काम थांबलं, आणि म्हणून हे पत्र. चेंडू रुळावरून उडाला नव्हता, अंगद. तुझी गाडी पुढं होती, तोंड पलीकडं, आणि सभागृहातल्या पडद्यावर तुझीच गाडी दाखवत होते. “मागंच थांब,” असं तू ओरडलास ते मी ऐकलं होतं. पण माझे वडील, अप्पा, उदगीरहून पहिल्यांदा माझा खेळ बघायला आले होते, पहिल्या रांगेत बसले होते, आणि मला शेवटचा गोल माझ्या नावावर हवा होता. मी गोल उघडा टाकून चेंडूवर धावले आणि चुकले. चेंडू रुळांना न शिवता, वरून सरळ, अगदी सरळ, रिकाम्या गोलात गेला. “काय झालं?” तू विचारलंस, आणि मी म्हणाले, “रुळावर उडाला.” तू एवढंसं तोंड करून अप्पांसमोर हात जोडलेस, “रूळ मीच टाकले होते, अप्पा,” म्हणालास, आणि मी शेजारी उभी राहून ते होऊ दिलं. पाच वर्षं होऊ दिलं. या सबंध पत्रात मी तुला जेवढं हिणवलंय, त्यातलं निम्मं तरी मला त्याच संध्याकाळी माझ्यासाठी वापरायला हवं होतं. सोबत पेनड्राइव्ह आहे, त्यात त्या सामन्याचं माझ्या गाडीच्या नजरेतून झालेलं रेकॉर्डिंग आहे. ते मी आजवर कुणाला दाखवलं नाही. बघ, आणि वाटलं तर कधीच बोलू नकोस माझ्याशी. अप्पांना मी काल फोनवर सांगितलं. “त्या पोरानं माझ्यासमोर हात जोडले होते,” म्हणाले, आणि त्यांनी तुझा पत्ता विचारला.

तुझीच, हरवणारी जोडीदार,
मंजुश्री