डाव्या हाताचा अंगठा

प्रिय ठोकळे,

मोबाईल सोडून ही बाई कागदावर कशी काय उतरली, म्हणून तू पाकीट चारदा उलटंसुलटं करून बघितलं असशील. काळजी करू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, लाँड्री चालू आहे, कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तरी हे पत्र बसून वाच. मला तुझ्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती ऐकल्यावर तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी तो तुझा हक्कच आहे. समोर येऊन सांगायला गेले असते तर पन्नास विषय काढले असते आणि मुद्द्याचं न बोलताच परत आले असते. मला बडबडी हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको.

मागच्या खोलीत आता हँगरची खोकी ठेवते. कपडे घडी करायचं ते लांब टेबल मात्र तिथेच आहे. काल त्यावर चादरींच्या घड्या घालताना मला आपले शनिवार आठवले. दुपारी दोनला मी शटर ओढायचे, तू शेजारचं घड्याळांचं दुकान बंद करून डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून तशीच यायचीस, औषधवाली खोकल्याच्या गोळ्या चघळत यायची आणि मास्तरीणबाई सगळ्यांच्या आधी येऊन तीन पत्तीसाठी पत्ते पिसत बसलेल्या असायच्या. धुताना निखळलेल्या बटणांची बरणी हा आपला खजिना. कोटाचं एक बटण म्हणजे शर्टाची दहा, हा हिशोब मास्तरीणबाईंचा. महिनाअखेर जिच्याकडे जास्त बटणं, तिचं नाव भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने. एवढ्याशा लाल शाईसाठी चार पिकल्या केसांच्या बायका एकमेकींशी काय भांडलो आहोत!

पहिली दोन वर्षं त्या कॅलेंडरवर माझं नाव एकदाही लागलं नाही. लागणार कसं? हातात दोन एक्के आले की माझी जीभ सुटायची आणि भिकार पत्ते आले की मी चहा करायला उठायचे. औषधवाली म्हणायची, "हिचे पत्ते बघायची गरजच नाही, हिला बघा." तुझं उलट. थाप मारत असलीस काय किंवा खरंच हातात राजे असले काय, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. ठोकळी हे नाव तुला मी रागाने ठेवलं होतं, कौतुकाने नाही, हे आज सांगून टाकते.

मग एका शनिवारी मला तुझा अंगठा दिसला. डाव्या हाताचा. पत्ते धरले होतेस आणि अंगठा पत्त्याच्या कडेवर बारीक थरथरत होता. तू सगळी बटणं मध्ये सरकवलीस आणि तीन राण्या उघड्या केल्यास. मी गप्प बसले. मी गप्प बसले यावरून तरी तुम्हाला संशय यायला हवा होता. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मोठा डाव आला की अंगठा हलायचा. मला वाटलं, सापडलं! ठोकळीचा चेहरा फुटत नाही, पण अंगठा फितूर आहे. त्या दिवसापासून मी तुझ्या तोंडाकडे पाहणं सोडलं. अंगठा हलला की मी पत्ते टाकायचे, स्थिर असला की तुझी थाप समजून बटणं लावायचे. सलग आठ महिने कॅलेंडरवर माझं नाव लागलं. मास्तरीणबाईंनी मला "उशिरा उमललेली विद्यार्थिनी" म्हटलं आणि मी ते सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं.

मग एकदा अंगठा जोरात हलला, मी शहाणपणाने पत्ते टाकले, आणि मास्तरीणबाईंनी पत्ते बघायचे म्हटल्यावर तुझ्याकडे निघाली सत्ती, पंजी आणि दुर्री. मला वाटलं, तुला कळलं, आता मुद्दाम अंगठा हलवून मला फसवतेस. मनातल्या मनात तुला शाबासकीही दिली. पण त्याच दुपारी चहा पिताना तुझा हात मांडीवर नुसता पडला होता, त्यात पत्ता नव्हता की काही नव्हतं, आणि अंगठा हलतच होता. आठवड्याने मी तुझा धुतलेला कोट द्यायला दुकानात आले. मला बघून तू डावा हात झटकन टेबलाखाली घेतलास. माझ्या मोठ्या मामांचा कंपवात असाच सुरू झाला होता. ते कसलं लक्षण आहे ते मला माहीत होतं. ठोकळे, मला त्या दिवशी कळलं होतं.

मी कोट ठेवला, गिऱ्हाइकांच्या चार चहाड्या सांगितल्या आणि निघून आले. स्वतःला समजावलं की दिवसभर केसाएवढे स्क्रू फिरवणाऱ्या बाईचा हात थकणारच. समजावलं की तिला स्वतःला कळलं नसेल का, आपण कोण सांगणारे. ही सगळी सारवासारव होती. खरं हे की, तुला सांगितलं असतं तर तू टेबलावर यायची थांबली असतीस, आणि जन्मात पहिल्यांदा मी कशात तरी जिंकत होते. अंगठा आजारी आहे हे कळल्यावरही मी त्याच्याकडे बघून खेळत राहिले, कारण मोठ्या डावाला तो अजूनही जास्तच हलायचा. दीड वर्ष, ठोकळे. मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या बायकोचं घड्याळ तुझ्या चिमट्यातून निसटलं, त्याची बारीक स्प्रिंग तुटली, आणि त्यांनी ते तसंच रुमालात गुंडाळून नेलं. दुसऱ्या दिवशी तू दुकान बंद केलंस. मी तुझ्यासोबत भिंतीवरची घड्याळं उतरवली आणि म्हणाले, "अगं, अचानक कसं गं झालं हे?"

तू मुलाकडे राहायला गेलीस आणि मास्तरीणबाईंनी आपल्याला मोबाईलवर एकत्र बसवलं. मला ते अजून आवडत नाही. पत्ते कोण पिसतं ते दिसत नाही, औषधवालीचे उसासे ऐकू येत नाहीत, विचार करायला तीस सेकंद आणि वर ते गोल गोल फिरणारं चाक. माझी बडबड तिथे कोणाच्या कामाची नाही आणि तुझा अंगठाही दिसत नाही. चौघींची चार गोल चित्रं. आणि तू काय खेळतेस! दोन वर्षांत तू आम्हा तिघींना धुऊन काढलंस. तिथे मला पहिल्यांदा कळलं की तू किती धीट खेळाडू आहेस. पूर्वीही असंच खेळत असशील, पण ते बघायला माझे डोळे मोकळे कुठे होते? मला पडद्यावर हरताना बरं वाटतं. शनिवारी हरले की रात्री झोप लागते.

मागच्या महिन्यात तुझ्या सुनेचा फोन आला. नव्या डॉक्टरांना नेमकं हवं होतं, थरथर कधीपासून आहे. औषध ठरवायला ते लागतं म्हणे. "आई म्हणतात दुकान बंद करण्याच्या जरा आधीपासून. पण त्या स्वतःचं दुखणं कधी धड सांगत नाहीत. मावशी, तुम्ही रोज शेजारी होतात, तुमच्या कधी लक्षात आलं होतं?" मी म्हणाले, "नाही गं बाई, माझं मेलीचं लक्ष कुठे असतं!" एवढी बेमालूम थाप मी आयुष्यात मारली नव्हती. फोनवर चेहरा दिसत नाही ना. पोरीने माझे आभार मानले.

आज सकाळी मी तिला फोन करून खरं सांगितलं. तुझी नात जन्मली त्या महिन्यापासून. पेढा द्यायला तू आलीस त्याच शनिवारी मी अंगठा पहिल्यांदा पाहिला. म्हणजे चार वर्षांच्या वर झाली. तिने महिना पुन्हा विचारून घेतला, मग म्हणाली, "डॉक्टरांना कळवते." तुला मी स्वतः सांगते एवढी सवलत तिच्याकडून मागून घेतली, म्हणून हे पत्र.

खरं तर तेवढ्याचसाठी नाही. गेल्या शनिवारी डाव संपल्यावर त्या दोघी गेल्या आणि तू मला लिहिलंस की तुमच्या इमारतीत पत्त्यांचं टेबल सुरू झालंय, खरे पत्ते, खरी माणसं. तुला फार वाटतं, पण जायची हिंमत होत नाही. "सगळे तोंडाशी बोलतात आणि हाताकडे बघतात. तू चार दिवस ये. तू शेजारी असलीस तर मी बसेन. एवढ्या वर्षांत माझ्या हाताकडे न बघणारी तू एकटीच." ठोकळे, ते वाचून मी तुला नुसता हसरा चेहरा पाठवला आणि मोबाईल पालथा ठेवला. आठ दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. तुझ्या हाताकडे सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा जास्त जिने बघितलं, ती मी. मला यायचं आहे. पण तू ये म्हणालीस ती ज्या बाईला, ती बाई कधी नव्हतीच. आता जी आहे तिला बोलाव, नाहीतर नको बोलावूस.

अजून म्हणू देत असलीस तर तुझीच,
बडबडी