यंदाची पच्चडी मी करणार

२० ऑगस्ट, सकाळ
आज अत्तम, ओणमच्या दहा दिवसांतला पहिला. ओणम तोंडावर आला. तंकमणीने दारात फुलांची रांगोळी घातली. मी खुर्चीत बसून सूचना दिल्या. छान झाली.
नाश्त्याला ठिणगी पडली. गेल्या ओणमच्या अननसाच्या पच्चडीचा विषय निघाला आणि मी सहज बोलून गेलो की बरी होती, पण अम्माच्या हातची ती वेगळीच. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, दर ओणमला मी हे एवढं एकच वाक्य बोलतो. त्यात दुखवण्याचा हेतू नसतो, सुधारणेचा असतो. तंकमणी पुट्टू वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "मग यंदा तुम्हीच करा."
करतो म्हटलं. पाटबंधारे खात्यात अख्खा कालवा सांभाळलाय. अननस, दही आणि खोबरं एकत्र करायला काय लागतं?

दुपार
पैज लागली. गेल्या वर्षापासून तंकमणी गल्लीतल्या चार बायकांच्या केटरिंगमध्ये शिरली आहे. सणावाराला ऑर्डरी घेतात. पच्चडीचं खातं हिच्याकडे. मागणी वाढतेय म्हणे. वाढणारच, आजकाल लोक काहीही विकत घेतात. इकडे मला दुपारचा चहा स्वतः गाळून घ्यावा लागतो, त्याचं कोणाला काही नाही.
तर पैज अशी. तिरुओणमच्या, म्हणजे मुख्य दिवसाच्या पंगतीत एका जरी पाहुण्याने माझी पच्चडी आपणहून पुन्हा मागितली, तर तंकमणीने केटरिंग सोडायचं आणि घरी राहायचं. ती हसली. म्हणाली, "चालेल. पण कोणी नाही मागितली, तर यापुढे या घरात जेवताना तोंड फक्त खायला उघडायचं."
लगेच मान्य केलं. मोठ्या मनाने हेही सांगितलं की बाकीचे पदार्थ तुमच्या केटरिंगचे येऊ देत, वाढण्यापासून पानं उचलण्यापर्यंत सगळं मी करीन. बिचारीला कल्पना नाही.

२१ ऑगस्ट
शेजारच्या वर्गीसकडे गेलो. रबराच्या झाडांमध्ये त्याचे अननस आहेत. चार चांगले निवडून दे म्हटलं, पच्चडी करायची आहे. कोण करणार, त्याने विचारलं. मी. त्याने हातातला अननस पुन्हा खाली ठेवला. म्हणाला, "सर, फळ आहे म्हणून देतो. कोंबडी असती तर दिली नसती."
विनोदी माणूस. शिक्षण कमी.
पहिला सोलण्यात सकाळ गेली. डोळे काढता काढता निम्मं फळ गेलं, उरलेलं चाखता चाखता संपलं. जीभ सोलवटली. पूर्वतयारी पूर्ण झाली असं म्हणायला हरकत नाही.

२३ ऑगस्ट
पहिला प्रयोग. गूळ करपला. कारणं तीन. सिलेंडर नवा, त्यामुळे आच जादा. गूळ जुना. आणि नेमका त्याच वेळी टीव्हीवर बातम्या लागल्या. यात आचाऱ्याचा दोष कुठे येतो, ते मला दिसत नाही.
काशाची उरुळी तळाशी काळी झाली आहे. पाणी घालून ठेवली आहे. तंकमणी आली की बघेल.

२४ ऑगस्ट
उरुळीवरून बोलणी खाल्ली. लिहीत नाही.
अम्माची नेमकी कृती मिळावी म्हणून भार्गवी चेचीला फोन केला. थोरल्या बहिणीला आठवत असणार. चेची म्हणाली, "दिवाकरा, अम्माने कधी केली रे पच्चडी? अननस चिरला की तिच्या हातांना खाज सुटायची. ओणमला कुंजुण्णी आचारी यायचा आपल्याकडे. आणि तुझं लग्न झाल्यापासून तर तंकमणीच करते."
चेचीला सत्तरी उलटली. स्मरणशक्तीवर परिणाम होतोच. मी वाद घातला नाही. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत जा एवढं सांगून फोन ठेवला.

२५ ऑगस्ट
मोठा शोध. मोबाईलवर एका डॉक्टरांचं भाषण ऐकलं. फळ शिजवलं की त्यातलं सत्त्व मरतं! म्हणजे बत्तीस वर्षं आम्ही मेलेला अननस खात होतो. आता माझं तंत्र असं: फोडी कढत पाण्यातून नुसत्या काढायच्या. दाताखाली कचकच लागली पाहिजे.
तंकमणीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "काय वाटेल ते करा, पण अननस नीट शिजवा हो. कच्चा अननस दह्यात कडू होतो." का होतो, मी विचारलं. "होतो म्हणजे होतो. माझ्या आईने सांगितलं आणि एकदा मी करूनही बघितलंय."
याला उत्तर म्हणत नाहीत. प्रतिस्पर्धी घाबरला की असंच बोलतो.

२६ ऑगस्ट
दुसरा प्रयोग रद्द. पाठ धरली आहे. शिवाय फार सरावाने हातातली जादू जाते.

२८ ऑगस्ट, उत्राडम
झाली! आजच करून ठेवली, म्हणजे रात्रभर मुरेल. फोडी कढत पाण्यातून काढल्या. हळद, गूळ, मिरची. खोबरं आणि मोहरी मिक्सरमधून. वर घट्ट दही, खोबरेल तेलात कढीपत्त्याची फोडणी. रंग असा पिवळाधमक की फोटो काढला. लगेच चाखली. अम्मा आठवली. डोळे भरून आले.
संध्याकाळी तंकमणी दमून आली. फ्रिजमधलं पातेलं काढून एक फोड दाबून बघितली. म्हणाली, "कच्चीच आहे हो ही. अजून वेळ आहे. वर्गीसकडून एक अननस आणा, मी बाजूला उभी राहते, तुम्ही दुसरी करा. कोणाला सांगत नाही मी."
डाव ओळखला. झाकण लावून पातेलं मागे सरकवलं.

२९ ऑगस्ट, तिरुओणम, सकाळ
पातेलं उघडलं. दही थोडं सैल झालंय. चव बदलली आहे. बिघडली म्हणणार नाही. खोल झाली आहे. आधी गोड, मग आंबट, आणि शेवटी घशाशी काहीतरी उरतं. साखर घातली. मग आणखी साखर. ते उरतंच आहे. मुरलेल्या पदार्थाचं हेच लक्षण असावं.

दुपारी अडीच
जिंकलो!
केळीची सात पानं मांडली होती. चेची, आमची अंजना आणि जावई प्रशोभ, वर्गीस आणि त्याची बायको लिली, आणि आम्ही दोघं. पच्चडी मी स्वतः वाढली. पहिला घास घेतल्यावर पंगत एकदम शांत झाली. अशी शांतता देवळात असते. मग प्रशोभ म्हणाला, "अच्छन, अशी पच्चडी मी आजवर खाल्ली नव्हती." जावई असावा तर असा. लिलीने डोळे मिटून घेतले. वर्गीसने तर घोटभर पाणी पिऊन मला हात जोडले.
आपणहून कोणी पुन्हा मागितली नाही, हे खरं. पण ओणमच्या पानावर वीस-बावीस पदार्थ, माणूस मागणार तरी किती? प्रशोभने रसमसाठी हात पुढे केला, तेव्हा मी संधी साधून त्याला दुसऱ्यांदा पच्चडी वाढली. त्याने नको म्हटलं नाही. नियमाच्या चौकटीत हे मागणंच झालं. तंकमणीकडे विजयी नजरेने बघितलं. ती खाली मान घालून जेवत होती.
आणि शेवटचा पुरावा: सातही पानं वरून खाली, आपल्याकडे मिटलेली. जेवण आवडल्याची याहून मोठी पावती मल्याळी माणूस देत नाही. संध्याकाळी केटरिंगचा विषय काढतो.

दुपारी चार
पानं उचलायला गेलो. तंकमणीने आठवण करून दिली, सगळं मी करणार होतो ना.
चेचीचं पान हातातून निसटलं आणि उघडलं. वरच्या भागात पच्चडी, जवळजवळ वाढली तशी. अंजनाचं उघडलं. तसंच. प्रशोभच्या पानावर दोन ढीग. लिलीचा ढीग अवियलच्या भाजीखाली. वर्गीसने केळ्याच्या सालीखाली दडपला होता. पच्चडी पानाच्या वरच्या भागातच वाढतात, त्यामुळे मिटलेल्या पानाखाली नेमकी तीच झाकली जाते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.
सहावं पान उघडलं. पूर्ण ढीग, फक्त एका बोटाची खूण. ते माझं होतं. वाढण्याच्या गडबडीत राहून गेली असेल.
सातवं तंकमणीचं. त्यावर पच्चडीचा कणही नव्हता. केळ्याची साल उचलून बघितली. तिथेही नव्हती. खाल्ली होती, सगळी.
स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, तू कशी काय खाल्लीस? ती डबे मोजून पिशवीत भरत होती, उद्या पहाटे केटरिंगला जायचंय. मान वर न करता म्हणाली, "मला कडूची सवय आहे."

रात्री आठ
सांबारात मीठ कमी होतं. जेवलो.