कोकराच्या गाण्यातली शिंक

१ डिसेंबर
मेले! ताईचा फोन. "ती नाताळच्या गाण्यांची कॅसेट काढून ठेव गं. चोवीसला येतेय. ठोंब्याला ऐकवायचीय."
ठोंब्या म्हणजे तिचा मुलगा. वय चार महिने, आवाज चाळीस माणसांचा. कशानंच गप्प होत नाही. ताईची खात्री आहे, त्या कॅसेटनं होईल. "मी नाही का व्हायचे?"
मी म्हटलं, हो हो, काढते की.
काढते! कुठून काढते?

२ डिसेंबर
इथं वाचायला कुणी नाही, म्हणून लिहून टाकते. कॅसेट मी कापली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. कात्रीनं. आतली सगळी फीत उपसली आणि वर्गाच्या दाराला झालर लावली. कलाकृतीचं नाव — 'काळाची आतडी'. बघणाऱ्यानं आरपार जायचं आणि बदलून बाहेर पडायचं.
आमचे सर आरपार गेले. फीत चष्म्यात अडकली. सर न बदलता बाहेर पडले.
"हे काय आहे?"
"बालपण, सर."
"मग जाताना झाडून जा."
घरी कुणालाच माहीत नाही. रिकामी डबी अजून खणात आहे. दर डिसेंबरात मीच हळहळते — "टेप बिघडलाय ना, नाहीतर लावली असती!" चार वर्षं झाली या नाटकाला. एवढं सातत्य माझ्या लिखाणात असतं तर आज माझं पुस्तक असतं.

४ डिसेंबर
शांतपणे विचार करू या. मूळ कॅसेट आईची, लग्नाआधीची. लाल कव्हर, घसरगाडीवर बसलेलं अस्वल. ती बाबांच्या काचेच्या कपाटात, कुलपात. आम्ही ऐकायचो ती नक्कल. बाबांनी घरीच भरलेली, दोन टेप समोरासमोर ठेवून. "मूळ झिजायला नको," म्हणायचे.
त्यामुळे नकलेत गाण्यांबरोबर आमचं घरही भरलं गेलं. पहिल्या गाण्याच्या आधी बाबांचं "श्श्श्!" दुसऱ्याच्या खाली आईचं शिलाई मशीन, खडखड खडखड, अगदी तालात. तिसरं कोकराचं. जाड्या आवाजाचा एक बुवा थंडीत हरवलेल्या कोकराला हाका मारतो, शेवटची हाक लांऽऽबवतो, थांबतो — आणि त्या शांततेत आई शिंकते. "हाट्छॅक्! अय्या." मग मुलांचा कोरस. आठ वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं कोकरूच शिंकलं, म्हणून सापडलं. पाचव्या गाण्यात ताई, वय सहा, जिवाच्या आकांतानं — "बाबाऽऽ, शू!"
मी कुठंच नाही. दोन वर्षांची होते. झोपले होते म्हणे. आयुष्यात एकदाच गप्प बसले आणि नेमकं तेव्हाच रेकॉर्डिंग!

६ डिसेंबर
"बाबा, ती मूळ कॅसेट द्या ना. ताईला हवीय."
बाबा निवृत्त आहेत, पण चेहरा अजून विभागप्रमुखाचाच.
"चावी सापडत नाही."
"तुमच्या हातात आहे ती?"
"ही? ही दुसऱ्याची आहे."
"दुसऱ्या कशाची?"
"कुलपाची!" असं म्हणून थेट मोरीत गेले. चावीसकट.

८ डिसेंबर
ती गाणी नेटवर मिळाली! सगळीच्या सगळी! कोकराचं लावलं. बुवानं हाक लांबवली. थांबला. मी खुर्चीच्या टोकाला...
काही नाही. नुसती शांतता, आणि मग कोरस. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना, तसं झालं. सर्दी झाल्याशिवाय कोकरू सापडतंच कसं?
हे चालणार नाही. ताई दोन मिनिटांत ओळखेल. आणि 'काळाची आतडी' तिला कळली तर ती माझी काढेल.
ठरलं. नकली नक्कल करायची.

११ डिसेंबर
कोपऱ्यावरचे मिक्सर दुरुस्तीवाले काका एकेकाळी टेप दुरुस्त करायचे. "कोरी कॅसेट? आहे की! दहा वर्षं तुझीच वाट बघत होती." वरून एक टेपही दिला, वापरून परत आण म्हणाले. झाकण बसत नाही, रबर लावायचं. कशासाठी, विचारलं. मी म्हटलं, बनावट बालपण. "बरं. पण ओलं होऊ देऊ नकोस."

१३ डिसेंबर
"श्श्श्!" जमलं. माझं "श्श्श्" बाबांसारखं आहे! जरा भीतीच वाटली.
मशीन जमेना. आईचं आता मोटरवर चालतं. खडखडत नाही, डासासारखं गुणगुणतं. शेवटी बटणांचा डबा मांडीवर घेऊन हलवला. तीन मिनिटं. दंड भरून आले.
मग शिंक. मिरपूड ओढली. एक नाही, अकरा आल्या! बुवाच्या हाकेआधी चार, हाकेत तीन, बाकीच्या जेवताना. आई म्हणाली, "वाफ घे."

१४ डिसेंबर
नाक टोमॅटो झालंय.

१७ डिसेंबर
आज पाचवं गाणं. डोक्यावरून गोधडी, सहा वर्षांचा आवाज, जिवाचा आकांत. "बाबाऽऽ, शू!"
दारावर थाप. बाबा! "अगं मग जा ना! रिकामं आहे!"
तेही भरलं गेलं. पुन्हा करावं लागलं. दुसऱ्यांदा ओरडले तर दाराबाहेर नुसता लांब उसासा.

१९ डिसेंबर
आज चमत्कार झाला. शिंक सोडून सगळं जमलं होतं, म्हणून कोकराचं पुन्हा भरायला घेतलं. बुवानं हाक लांबवली, आणि तेवढ्यात आई घड्या घातलेले कपडे घेऊन खोलीत आली. मी हातवारे करतेय, जा जा! ती आपली उभी. बुवा थांबला. आणि आई —
"हाट्छॅक्! अय्या."
बरोब्बर तिथंच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, तूच वाफ घे." कपडे ठेवून गेली.
मी देव मानत नाही. आजच्या दिवसापुरतं मागे घेते.

२४ डिसेंबर
दुपारी ताई आली. ठोंब्या जिन्यापासूनच चालू. कॅसेट लावली. बाबांचं — म्हणजे माझं — श्श्श्. खडखड. ठोंब्या रडतोय. कोकराची हाक. रडतोय. हाट्छॅक्! अय्या.
ठोंब्या थांबला. टेपकडे टक लावून बघितलं. आणि हसला! बोळक्या तोंडानं, लाळ गाळत.
आणि ताई रडायला लागली. "तीच गं. अगदी तीच. तू एवढी जपून ठेवलीस!"
इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ते कधीच जमलं नाही — एकदा सोडून. सगळं सांगून टाकलं. कात्री, झालर, सरांचा चष्मा, गोधडीतली शू. सगळं!
ताई आ वासून बसली. "म्हणजे शू तू केलीस?"
"केली नाही! म्हटली!"
मला वाटलं आता बाबा ओरडणार. बाबा उठले. कपाटाकडे गेले. चावी खिशात होती. लाल कव्हर, घसरगाडी, अस्वल. कॅसेट टेपमध्ये घातली, रबर लावलं, बटण दाबलं.
"आदरणीय साहेब, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो..."
बाबांचा आवाज! तरुण, थरथरता. साहेबांच्या निरोप समारंभाच्या भाषणाची तालीम. संपूर्ण. दोन्ही बाजू! अस्वलाच्या कॅसेटवर!
"कव्हराबाहेर पडली होती, कोरी समजलो," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "तुमच्या आईची आवडती. मग शेजाऱ्यांकडून तीच कॅसेट आणली, दोन टेप समोरासमोर ठेवले, आणि तिला कळू नये म्हणून..."
"श्श्श्," मी म्हटलं.
"श्श्श्," बाबा म्हणाले.
आई स्वयंपाकघरात होती. नळ चालू होता. बहुतेक ऐकलं नाही.

२५ डिसेंबर
सकाळी आई सुईत दोरा ओवत होती. मी विचारलं, "तुला कधी कळलं गं?"
"कुणाचं? त्यांचं की तुझं?"
"...दोघांचं."
आईनं दोरा दातानं तोडला. "मला सर्दी तेव्हाही नव्हती, आणि आत्ताही नव्हती."